जत्रेची रात्र, फडाची प्रत

शिरूरहून चौफुल्याकडे निघालेला रस्ता न्हावऱ्यात तळेगाव ढमढेऱ्याकडून येणाऱ्या रस्त्याला मिळतो. घोडगंगा साखर कारखाना याच गावचा, त्यामुळे उसाच्या ट्रॉल्या हे इथले जुने दृश्य. ट्रॅक्टरच्या टपाला बांधलेल्या स्पीकरातून जे वाजत असते ते नीट ऐकले, तर त्यात नव्या गाण्यांच्या जोडीला एखादी गवळण निघते, कीर्तनाचा तुकडा निघतो, कधी वगातला सवाल-जवाबही निघतो. मागे शिट्ट्या ऐकू येतात, जनरेटरची घरघर असते आणि मधूनच कोणीतरी माइकजवळ खोकते. हे स्टुडिओतले नव्हे, कुठल्या तरी गावच्या जत्रेत, कुठल्या तरी रात्री कोणीतरी टिपून घेतलेले. गाव कोणते, तमाशाचा फड कोणता, तारीख कोणती, याचा त्या पेन ड्राइव्हवर पत्ता नसतो. आणि ज्यांचा तो आवाज आहे त्यांच्या हातात त्या ऐकण्यातून एक पैसाही गेलेला नसतो.

‘कलेचे मोल’ हा विषय संपादकांनी पुढे ठेवला तेव्हा या रस्त्याकडे पाहणे ओघानेच आले. न्हावरे तमाशाच्या मुलखात अगदी मधोमध आहे. दक्षिणेला भीमा ओलांडली की दौंड तालुका आणि चौफुल्याची संगीत बारीची कला केंद्रे. शिरूर तालुक्याच्याच उत्तर अंगाला कवठे येमाई. वगनाट्ये, गवळणी, लावण्या लिहून अनेक फडांना खाद्य पुरवणारे लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर तिथले. त्याहून पुढे जुन्नर तालुक्यातले नारायणगाव, तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर यांचे गाव आणि फडांच्या सुपाऱ्यांची पेठ. या पट्ट्यात जिवंत कार्यक्रमाला तोटा नाही, तो ऐकणाऱ्यांना तर नाहीच. तरीही कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण फडाने स्वतः करावे, स्वतःच्या नावाने गावाला विकावे आणि त्याचा पैसा कलावंतांत वाटावा, ही गोष्ट इथे रुजली नाही. ती रुजायला हवी आणि रुजू शकते, हे या लेखाचे म्हणणे आहे.

सुपारीत काय येते, काय येत नाही

तमाशाचा व्यवहार दोन प्रकारे चालतो. तंबूत तिकीट लावून खेळ करायचा, किंवा गावाच्या यात्रा कमिटीची सुपारी घ्यायची. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा लागतात. त्याआधी गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. कमिटीची माणसे जीपगाड्या करून येतात, या राहुटीतून त्या राहुटीत जातात, तारीख आणि रक्कम ठरते, इसार दिला जातो. गावाने वर्गणी काढलेली असते, त्यामुळे पाहणाऱ्याला खेळ फुकट. फडमालकाला मात्र त्याच रकमेत शंभराच्या आसपास माणसे, ट्रक, डिझेल, जेवण, तंबू आणि हंगामाच्या सुरुवातीला कलावंतांना दिलेली उचल, सगळे भागवायचे असते. उचलीसाठी त्याने स्वतः कर्ज काढलेले असते. अवकाळीची एक सर आली की त्या तारखेचे गणित कोसळते. 2020 आणि 2021 या दोन्ही वर्षी करोनामुळे चैत्रातल्या यात्राच भरल्या नाहीत, तेव्हा हे गणित किती तकलादू आहे ते सर्वांनी पाहिले.

तमाशाची कमाई कलावंताच्या पायांवर उभी आहे, हे त्यातले मुख्य दुखणे. पाय चालतात तोवर पैसा. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना 1957 आणि 1990 साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. 2002 साली त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचे बिल भागवण्यासाठी लोकांच्या मदतीचा आधार घ्यावा लागला. आज राज्य शासनाचा तमाशाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो, 2018 चा मोमीन कवठेकरांना मिळाला. पुरस्कार योग्यच आहेत. पण हजारो रात्री गाजवलेल्या बाईला त्यातल्या दहा रात्रींच्या ध्वनिमुद्रणाचे उत्पन्न जरी म्हातारपणी मिळत राहिले असते, तर चित्र वेगळे दिसले असते. सुपारीत त्या एका रात्रीचा खेळ येतो. ती रात्र पुढे वर्षानुवर्षे ऐकली जाते, त्याचा हिशेब मात्र सुपारीत कुठेच नसतो.

गाणी भरून मिळतील

ध्वनिमुद्रणाची ओढ या मुलखाला नवी नाही. जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपास मावत असे, म्हणजे लावणी कापूनच बसवायची आणि वगाचे तर नावच काढायचे नाही. खरा बदल 1980 नंतर कॅसेटने केला. कॅसेट काढायला भांडवल थोडे लागे, तासाभराचा ऐवज एका कॅसेटवर बसे, दोन-तीन कॅसेटच्या संचात आख्खा वग येई. पीटर मॅन्युएल यांनी 1993 साली उत्तर भारतातल्या कॅसेटच्या लाटेवर पुस्तक लिहिले. त्यात सांगितलेली गोष्ट, की मोठ्या कंपन्यांनी दुर्लक्षिलेले प्रादेशिक संगीत कॅसेटने बाजारात आणले, महाराष्ट्रालाही तितकीच लागू आहे. एसटी स्टँडवरच्या टपरीत भक्तिगीते, भीमगीते, कोळीगीते यांच्या शेजारी वगनाट्याची कॅसेट टांगलेली असे. कलावंताला बहुधा एकरकमी पैसे मिळत आणि विषय तिथे संपे. पुढे किती प्रती निघाल्या, हे विचारण्याचे त्याच्याकडे साधनच नव्हते.

मग सीडी आली, व्हीसीडी आली, आणि त्यानंतर मोबाइलच्या दुकानाबाहेर पाटी लागली: गाणी भरून मिळतील. मेमरी कार्ड द्यायचे, दुकानदार संगणकातून कार्ड भरून देणार, थोडे पैसे घेणार. ही सरळसरळ चोरी होती; पण तिच्यातून एक गोष्ट सिद्ध झाली ती विसरता कामा नये. गावातला माणूस आवडीच्या आवाजासाठी पैसे मोजतो. त्याने मोजलेला पैसा कलावंतापर्यंत पोचण्याची वाट तेवढी कोणी बांधली नाही. आता दुकानदाराची जागा यूट्यूब चॅनेलने घेतली आहे. जत्रेत शंभर मोबाइल वर होतात, त्यातले दोन-चार चॅनेलवाल्यांचे असतात आणि सकाळपर्यंत गवळण अपलोड झालेली असते.

कीर्तनात हा अनुभव ठळकपणे आला. निवृत्ती महाराज देशमुख, म्हणजे इंदुरीकर, यांचे नाव घराघरात पोचले ते ध्वनिचित्रफितींनी, आणि त्यांच्या तारखा मिळणे अवघड होऊन बसले. ऐकायला फुकट मिळते म्हणून कीर्तनाला गर्दी आटली, असे झाले नाही, गर्दी वाढली. दुसरीकडे, आपल्या कीर्तनांवर यूट्यूबवाल्यांनी रग्गड पैसा कमावला, ही तक्रार त्यांनी जाहीरपणे केली. त्या वेळच्या त्यांच्या भाषेवर टीका झाली आणि ती रास्त होती. पण तक्रारीचा गाभा खरा आहे. प्रसिद्धी कीर्तनकाराला मिळाली, जाहिरातीचे उत्पन्न भलतीकडे गेले.

आपली रात्र आपण विकणारे

जगात या प्रश्नाला काही वाद्यवृंदांनी फार आधी हात घातला. अमेरिकेतला ‘ग्रेटफुल डेड’ हा बँड 1965 ते 1995 अशी तीस वर्षे गावोगाव फिरला. एकच गाणे ते रोज निराळे वाजवत, आज पाच मिनिटे तर उद्या वीस. त्यामुळे चाहत्यांना कार्यक्रमागणिक मुद्रण हवे असे आणि ते लपूनछपून मायक्रोफोन आणत. बँडने त्यांना हुसकावले नाही. 1984 पासून मुद्रण करणाऱ्यांसाठी सभागृहात वेगळी जागाच राखून ठेवली. अट एकच: आपसात अदलाबदल करा, विकू नका. पुढे 1991 पासून बँडने आपल्या साठ्यातली निवडक मुद्रणे स्वतः विकायला काढली. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात 8 मे 1977 रोजी झालेला त्यांचा कार्यक्रम चाहत्यांच्या कॅसेटींवरून चाळीस वर्षे फिरत होता. 2017 साली तो अधिकृतपणे निघाला, तेव्हा फुकट ऐकलेल्यांनीच तो विकत घेतला. ‘पर्ल जॅम’ या बँडने त्याहून धीट पाऊल टाकले. 2000 सालच्या दौऱ्यातल्या जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमाची त्यांनी स्वतंत्र सीडी काढली, एकूण 72. चोरट्या सीडी महाग आणि निकस मिळतात, मग आपणच चांगल्या आणि स्वस्त देऊ, असा त्यामागे साधा विचार होता.

यातला एक कटू धडाही सांगायला हवा. 2003 च्या सुमारास तिथल्या एका बलाढ्य कंपनीने कार्यक्रम संपताच दारात सीडी विकण्याचा धंदा सुरू केला आणि त्या पद्धतीच्या पेटंटवर हक्क सांगून इतरांची वाट अडवली. ते पेटंट 2007 साली रद्द झाले, पण मधल्या काळात स्वतःच्या कार्यक्रमाची सीडी स्वतः दारात विकायची तर बँडला परक्याकडे पाहावे लागे. म्हणून ही व्यवस्था उभी राहील तेव्हा ती फडाच्याच हातात असली पाहिजे. ठेकेदाराच्या किंवा चॅनेलच्या हातात गेली की कॅसेटचा इतिहास पुन्हा घडेल.

आपल्याकडेही याची बीजे आहेत. पुलंच्या प्रयोगांची मुद्रणे घरोघरी वाजली, आणि त्यात सभागृहाचे हसू जसेच्या तसे होते. ते काढले असते तर निम्मी गंमत गेली असती. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउसने खासगी मैफलींमधले गाणे कॅसेटवर आणले आणि रसिकांनी ते हौसेने घेतले. शहरातल्या रसिकाला मैफलीचा तो विशिष्ट दिवस हवासा वाटतो. न्हावऱ्याच्या शेतकऱ्याला आपल्या जत्रेची रात्र हवीशी वाटणार नाही, असे मानायला काहीच आधार नाही.

नाव पुकारले जाते तेव्हा

उलट, त्याला ती जास्त हवीशी वाटेल, आणि याचे कारण तमाशाच्या रचनेतच आहे. गण होतो, गवळण होते. मावशी आणि पेंद्या गावाचे नाव घेऊन कोट्या करतात. बतावणीत सोंगाड्या त्या गावची बंद पडलेली पाण्याची योजना, खड्ड्यांचा रस्ता, उसाचे थकलेले पैसे यांवर बोट ठेवतो. ते दुसऱ्या गावात चालणार नाही. मग दौलतजादा. समोरून नोट येते, ढोलकी थांबते, कलावंत देणाऱ्याचे नाव, त्याची वस्ती, कधी त्याच्या वडिलांचेही नाव माइकवरून पुकारते, आभाराची एक ओळ गाते आणि ढोलकी पुन्हा उठते. दहा-वीस रुपयांच्या नोटेत त्या माणसाने आपले नाव साऱ्या पंचक्रोशीला ऐकवलेले असते. हा क्षण कोणत्याही कॅसेट कंपनीच्या वगात नसतो, कारण बाजारासाठी तो निरुपयोगी आहे. त्या गावासाठी मात्र सगळ्या खेळातला तोच सर्वांत मोलाचा भाग.

गाव आपल्या प्रसंगाच्या मुद्रणासाठी पैसे मोजते, याचा रोकडा पुरावा लग्नाचा शूटिंगवाला आहे. हळदीपासून पाठवणीपर्यंतचे चित्रण कोणत्याही सिनेमापेक्षा रटाळ असते, तरी लोक त्यावर पैसा खर्च करतात, कारण त्यात आपली माणसे दिसतात. अनेक यात्रा कमिट्याही पालखी आणि कुस्त्यांसाठी शूटिंगवाला लावतात. याच सवयीत फडाची प्रत बसते. ‘आमच्या जत्रेतला तमाशा’ ही वस्तू त्या गावाबाहेर कोणी घेणार नाही, आणि गावात तिला दुसरा पर्याय नाही.

विक्रीची वेळही यात्रेने ठरवूनच ठेवली आहे. रात्रीच्या खेळानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी फड हजेरीला उभा राहतो. देवळापुढे, दिवसाउजेडी, कमी साजात लावण्या होतात. दुपारी आखाडा. पुण्या-मुंबईला, पिंपरी-चिंचवडला, रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला असलेली पोरे कुस्त्या संपेपर्यंत गावात असतात आणि संध्याकाळी पांगतात. हजेरीपासून शेवटच्या कुस्तीपर्यंत जे पाच-सहा तास मिळतात, त्यात फडाचा माणूस देवळाजवळ टेबल टाकून बसला, मोबाइलवर पैसे घेऊन फाइल देऊ लागला, म्हाताऱ्या माणसांसाठी पेन ड्राइव्ह ठेवले, तर गिऱ्हाईक शोधायला कुठे जावे लागणार नाही.

मिक्सरच्या मागे

तांत्रिक बाजू वाटते तितकी अवघड नाही. फडाकडे स्वतःचा मिक्सर असतोच, सगळे माइक त्यात येतात आणि तिथूनच स्पीकरकडे आवाज जातो. त्याच मिक्सरच्या रेकॉर्डिंगच्या जागेतून एक तार छोट्या रेकॉर्डरला दिली की कलावंतांचा आवाज स्वच्छ मिळतो. फसगत पुढे होते. मिक्सरमध्ये फक्त माइकसमोरचे आवाज असतात. मागे उभ्या झीलकऱ्यांची ‘जी जी’ माइकपासून दूर असली तर पुसट येते, ढोलकी भरमसाट पुढे येते आणि प्रेक्षक तर नसतोच. शिट्टी नाही, टाळी नाही, सोंगाड्याच्या वाक्यानंतर उसळलेला हशा नाही. नुसते वाक्य आणि मग पोकळ शांतता. म्हणून मंचाच्या दोन कडांना प्रेक्षकांकडे तोंड केलेले दोन माइक लावावे लागतात, आणि ते स्पीकरला न जोडता फक्त रेकॉर्डरला द्यावे लागतात, नाहीतर कर्कश शिट्टी सुरू होते. माइकवर वाऱ्यासाठी स्पंजची टोपी हवी, चैत्रात रात्री माळावर वारा सुटतो. जनरेटर मंचापासून शक्य तितका लांब हवा. हे काम साउंडवाल्या पोराला आठवडाभरात येते. ‘गर्दी’ आणि ‘मंच’ यांचे प्रमाण कानाने जुळवायला मात्र हंगाम जातो, आणि ते जुळवणारा माणूस फडाने इतर कलावंतांच्या बरोबरीने जपायला हवा.

मुद्रणाला आज आणखी एक कारण आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, आणि वर्षातल्या ठरावीक दिवसांनाच बारापर्यंतची सूट. नियम लोकांच्या झोपेसाठी आहे, त्याला विरोध करण्याचे कारण नाही. पण पहाटेपर्यंत रंगणारा वग त्यामुळे आखडला. गण, गवळण, रंगबाजीत वेळ जातो आणि वग तासाभरात उरकला जातो किंवा राहूनच जातो. पूर्ण वग फडाने एखाद्या रात्री तंबूत नीट टिपून ठेवला, तर ज्या गावाला तो पाहता आला नाही त्याला निदान ऐकता येईल.

मोडते घालणारे मुद्दे

फुकट मिळते ते विकत कोण घेणार, हा पहिला मुद्दा. त्याचे उत्तर वर आलेच. दुसरा मुद्दा जास्त धारदार आहे: मुद्रण बाहेर गेले की दुसरा फड वग उचलेल. वग पूर्वीही उचलले गेले. मोबाइल आल्यापासून तर ते कोणी रोखू शकत नाही. फडाच्या नावाची, गावाची आणि तारखेची ग्वाही सुरुवातीलाच देणारे मुद्रण हा वग आधी कोणी केला याचा पुरावा ठरतो, आणि लेखकाच्या बाजूनेही तोच पुरावा उभा राहतो.

तिसरा मुद्दा कायद्याचा. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्याचा हक्क आला. प्रयोगकर्ता कोण, याच्या व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर कसरतपटू, जादूगार, सापवाला गारुडी, व्याख्यान देणाराही आहे. म्हणजे तमाशातला तुणतुणेवालासुद्धा त्यात बसतो. त्याच्या संमतीशिवाय प्रयोग टिपून त्याचा धंदा करता येत नाही, आणि हा हक्क पन्नास वर्षे टिकतो. 2012 च्या दुरुस्तीने व्यापारी वापराच्या मोबदल्याचीही तरतूद केली. स्वतःपुरते टिपून घेणाऱ्या प्रेक्षकाला कायदा अडवत नाही, आणि अडवूही नये. पण याच कायद्याची दुसरी धार फडालाही लागते. रंगबाजीत सिनेमाची गाणी होतात. त्यांचे हक्क दुसऱ्याचे आहेत, ती परवान्याशिवाय विकता येणार नाहीत. माझ्या मते ही अडचण नसून उपकार आहे. विक्रीच्या प्रतीत मग गण, गवळण, बतावणी आणि वग हेच येईल, म्हणजे जे फडाचे स्वतःचे आहे ते. वगाच्या लेखकाचा वाटा मात्र आधी ठरवावा लागेल. वर्षानुवर्षे फडांना लिहून देणाऱ्या शाहिरांची नावे प्रेक्षकांना ठाऊकही नसतात, हा अन्याय निदान या प्रतीवर तरी पुढे चालू नये.

सर्वांत गंभीर आक्षेप स्त्री कलावंतांच्या बाजूने येतो, आणि त्याला घाईने उत्तर देता येत नाही. मोबाइलने त्यांना सर्वाधिक छळले आहे. नाचाच्या तुकड्यांना भलते मथळे देऊन ते पसरवले जातात. काही वर्षांपूर्वी एका लोकप्रिय नर्तिकेचे कपडे बदलतानाचे चोरून केलेले चित्रण फिरवले गेले आणि प्रकरण पोलिसांत गेले. चौफुल्यासारख्या ठिकाणी बैठकीची लावणी जपणाऱ्या बायकांना आपली अदा त्या खोलीबाहेर जाऊ नये असे वाटत असेल, तर तो त्यांचा अधिकार आहे. तिथे मुद्रण नकोच. फडाच्या मंचावरही सुरुवात फक्त आवाजापासून व्हावी, चित्र नको. आवाजात गायकी, शब्द, ढोलकी, हजरजबाबीपणा सगळे येते, आणि नजरेचा बाजार वगळला जातो. शिवाय प्रत्येक कलावंताने आधी ऐकून होकार दिल्याशिवाय तिचा भाग बाहेर जाऊ नये. यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे विकता येणार नाही, हे मान्य करायला हवे. बतावणीबाबतही तेच. सरपंचावरची कोटी रात्री सरपंचासकट सगळे हसून सोडून देतात, फाइलमधली कोटी पुढच्या निवडणुकीत काढली जाते. सोंगाड्याला त्या भीतीने जीभ आवरावी लागली तर मुद्रणाने तमाशाचे नुकसानच केले म्हणावे लागेल. म्हणून सकाळी गण, गवळण आणि दौलतजादा द्यावा, बतावणी आणि वग फडाने ऐकून, कापून, महिनाभराने.

करारनाम्यातली एक ओळ

पैसा किती मिळेल? सुपारीच्या मानाने थोडाच, आणि त्याने फड कर्जातून सुटेल असा दावा कोणी करू नये. पण हा पैसा सुपारीपेक्षा वेगळ्या जातीचा आहे. पाऊस पडला तरी जुनी रात्र विकता येते, आणि ज्येष्ठ गायिका मंचावरून उतरल्यावरही तिचा आवाज कमावत राहतो. त्यासाठी वाटणी उचलीत वळती होता कामा नये. फडमालक, कलावंत, लेखक आणि साउंडवाला यांचे हिस्से हंगामाआधी कागदावर यावेत, कलावंताचा हिस्सा थेट तिच्या खात्यात जावा. नाहीतर कॅसेट कंपनीच्या जागी फडमालक येईल, बाकी काही बदलणार नाही.

याची सुरुवात राहुटीतच होऊ शकते. तारीख, रक्कम, मंडपाची आणि जेवणाची सोय, हे सगळे करारनाम्यात लिहिले जातेच. तिथेच आणखी एक ओळ हवी: खेळाचे ध्वनिमुद्रण फड करील, विक्रीचा हक्क फडाचा राहील, आणि एक पूर्ण प्रत गावाला विनामूल्य मिळेल. कमिटीला ती प्रत ठेवायला जागा शोधावी लागणार नाही. वर्गणीच्या वह्या जपणारे कपाट गावात असतेच. कोणी किती दिले याच्या पानापान भरून नोंदी त्या वह्यांत आहेत. त्याच वहीच्या बाइंडिंगला दोऱ्याने एक पेन ड्राइव्ह बांधावा, वर शाईने गाव, फड आणि चैत्राची तिथी लिहावी.